ठिपक्यांचा आलेख आणि समुपदेशकाची खुर्ची

महाराष्ट्रात बारावीनंतरचा अभियांत्रिकीचा किंवा वैद्यकीयचा प्रवेश ही मुख्यतः आकड्यांची गोष्ट असते. प्रवेश परीक्षेतील गुणानुक्रम, आरक्षणाचा प्रवर्ग, नीट विचार करून भरलेला पसंतीक्रम आणि मागील वर्षीचा कट-ऑफ एवढे हाताशी असले की कोणत्या महाविद्यालयात जागा मिळेल याचा बराचसा अंदाज घरी बसून बांधता येतो. अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्याच्या वाट्याला हे सोपेपण येत नाही. तेथील निवडक प्रवेश देणारी महाविद्यालये नववी ते बारावी या चार वर्षांचे गुण, घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी, एसएटी किंवा एसीटी या परीक्षांचे गुण, शिक्षकांची शिफारसपत्रे, विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला निबंध आणि वर्गाबाहेर त्याने काय केले याचा तपशील असे सगळे बाड वाचून निर्णय घेतात, त्यामुळे सारखेच गुण असलेल्या दोघांपैकी एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार मिळणे तेथे नवलाचे मानले जात नाही. त्यातच पर्याय हजारो, अर्जाच्या मुदती निरनिराळ्या आणि शुल्काचे हिशेब प्रत्येक कुटुंबागणिक वेगळे असल्यामुळे या गुंत्यातून मुलाला वाट दाखवण्यासाठी शाळेत स्वतंत्र समुपदेशक नेमलेला असतो. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत या समुपदेशकाच्या मेजावर करिअर आणि महाविद्यालय नियोजनाची संगणकप्रणाली येऊन स्थिरावली. नेव्हिअन्स, स्कॉयर, झेलो, मायालर्निंग, स्कूलिंक्स ही त्यांतील ठळक नावे असून, त्यांपैकी नेव्हिअन्स एकेकाळी अमेरिकेतील सुमारे ४० टक्के माध्यमिक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलेली होती.

या प्रणालींचे मूळ संगणकाच्या कितीतरी आधीचे आहे. बॉस्टन शहरात १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी कामाच्या शोधातील तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाची एक कचेरी सुरू केली आणि त्यांच्या निधनानंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात व्यवसायनिवडीच्या तीन पायऱ्या मांडल्या गेल्या. माणसाने आधी स्वतःची आवड, कुवत आणि मर्यादा ओळखाव्यात, मग निरनिराळ्या व्यवसायांच्या अटी, मिळकत आणि संधी जाणून घ्याव्यात आणि शेवटी या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा, असे ते सूत्र होते. शंभराहून अधिक वर्षे उलटली तरी आजच्या कोणत्याही मार्गदर्शन प्रणालीची मांडणी याच तीन पायऱ्यांवर उभी आहे. मात्र पहिल्या दोन पायऱ्या यंत्राला बऱ्यापैकी साधल्या आणि तिसरी अद्याप साधलेली नाही, हे ध्यानात घेतल्याशिवाय या प्रणालींचे बळ आणि त्यांची मर्यादा यांपैकी काहीच नीट कळत नाही.

पहिल्या पायरीला शास्त्राचे रूप जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने दिले. त्यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या आणि पुढे विस्तारलेल्या सिद्धांतानुसार माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार पडतात: हातांनी व अवजारांनी काम करणारा वास्तवनिष्ठ, प्रश्नांच्या मुळाशी जाणारा शोधक, निर्मितीत रमणारा कलात्मक, माणसांमध्ये रमणारा सामाजिक, पुढाकार घेणारा उद्यमशील आणि नेमक्या, सुव्यवस्थित कामात समाधान मानणारा पारंपरिक. विद्यार्थी एक प्रश्नावली भरतो, त्याचे वरचे दोन-तीन प्रकार निघतात आणि त्या प्रकारांशी जुळणारे व्यवसाय त्याच्यापुढे येतात. हे व्यवसाय कोठून येतात, तर अमेरिकेच्या श्रम विभागाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस खुल्या केलेल्या ओ-नेट या माहितीकोशातून, ज्यात नऊशेहून अधिक व्यवसायांसाठी लागणारी कौशल्ये, शिक्षण आणि कामाचे स्वरूप नोंदलेले आहे. बाजारातील खासगी प्रणालींचा रंग आणि मांडणी वेगवेगळी असली तरी त्यांच्या पोटातील माहितीचा मोठा भाग अशा सरकारी खर्चाने तयार झालेल्या कोशांतून येतो, ही बाब विक्रीच्या पत्रकांत सहसा ठळकपणे छापली जात नाही.

संगणक या क्षेत्रात आला तो १९६० च्या दशकात. सोव्हिएत संघाने १९५७ मध्ये स्पुटनिक हा उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेने १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला आणि हुशार मुले हेरून त्यांना विज्ञानाकडे वळवावे या हेतूने शाळांतील चाचण्या आणि समुपदेशन यांवर मोठा निधी ओतला. समुपदेशक वाढले, तरी ते अपुरेच पडत होते, तेव्हा इलिनॉय राज्यातील विलोब्रुक शाळेत जोॲन हॅरिस यांनी त्या काळच्या अवाढव्य संगणकाला टर्मिनल जोडून व्यवसायांची माहिती देणारी यंत्रणा उभी केली. प्रिन्स्टन येथील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेत मार्टिन कॅट्झ यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी घडवलेली 'सिगी' ही प्रणाली मात्र विचाराने अधिक खोल होती. मुलाला काय आवडते एवढ्यावर न थांबता, उत्पन्न, प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, स्थैर्य, परोपकार, फुरसत अशा मूल्यांपैकी त्याला अधिक मोलाचे काय वाटते हे ती विचारीत असे, आणि वाटायचे गुण मर्यादित ठेवलेले असल्यामुळे एका मूल्याला अधिक दिले की दुसऱ्याचे कमी करावे लागत असे. आयुष्यात सगळेच मिळत नाही, काहीतरी सोडावे लागते, हा धडा त्या जुन्या यंत्राने ज्या सचोटीने दिला तो आजच्या झगमगीत प्रणालींतही क्वचितच आढळतो. पार्सन्सच्या तिसऱ्या पायरीच्या सर्वांत जवळ गेलेला हाच प्रयत्न म्हणावा लागेल.

२००२ मध्ये सुरू झालेल्या नेव्हिअन्सने भर दिला तो रोजच्या कचेरीच्या कामावर. एका विद्यार्थ्याने आठ-दहा महाविद्यालयांना अर्ज केला तर प्रत्येक ठिकाणी गुणपत्रक, शाळेची माहिती देणारे पत्रक आणि दोन-तीन शिफारसपत्रे मुदतीत पोहोचवावी लागतात, आणि शेकडो विद्यार्थ्यांसाठी ही पाकिटे भरण्यातच समुपदेशकाचे शिशिराचे महिने संपत असत. ही कागदपत्रे संगणकावरून थेट महाविद्यालयांकडे जाऊ लागली, तसेच १५ महाविद्यालयांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या आणि आता हजाराहून अधिक संस्था सामावून घेणाऱ्या 'कॉमन ॲप' या सामायिक अर्जाशी जोडली गेली. कोणाचे शिफारसपत्र अडले आहे, कोणाची मुदत परवा संपते, आर्थिक साहाय्यासाठीचा 'फॅफ्सा' हा सरकारी अर्ज कोणी भरलेला नाही, हे समुपदेशकाला एका पडद्यावर दिसू लागले. अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशन दर २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असे सांगत आली आहे, तर २०२३-२४ मध्ये देशाची सरासरी ३७६ विद्यार्थ्यांमागे एक अशी होती. एवढ्या मुलांची नोंद डोक्यात ठेवणे कोणत्याही माणसाला शक्य नसल्यामुळे या प्रणालीने वाचवलेला वेळ हा तिचा सर्वांत प्रामाणिक उपकार आहे.

नेव्हिअन्सची कीर्ती मात्र झाली ती ठिपक्यांच्या आलेखामुळे. या आलेखाच्या आडव्या अक्षावर प्रवेश परीक्षेचे गुण आणि उभ्या अक्षावर शाळेतील गुणांची सरासरी असते, आणि त्याच शाळेतून मागील काही वर्षांत एखाद्या महाविद्यालयाला अर्ज केलेला प्रत्येक विद्यार्थी त्यावर नावाविना एक ठिपका होऊन बसलेला असतो. प्रवेश मिळालेले एका रंगात, नाकारलेले दुसऱ्या रंगात आणि सध्याचा विद्यार्थी स्वतःचे स्थान दाखवणाऱ्या वेगळ्या खुणेने त्या गर्दीत उभा असतो. महाविद्यालयाची देशभराची सरासरी कोणत्याही संकेतस्थळावर मिळते, पण आपल्याच शाळेच्या, आपल्याच शिक्षकांनी तपासलेल्या मुलांचे काय झाले हे दाखवणारा हा आलेख अधिक जवळचा, म्हणून अधिक विश्वासाचा वाटतो. अर्ज करणारे फारच थोडे असतील तर ठिपक्यावरून माणूस ओळखू येण्याचा धोका असल्याने ठरावीक संख्येखाली तो दाखवला जात नाही.

हा आलेख जे लपवतो ते मात्र जपून वाचले पाहिजे. कमी गुणांच्या भागात एकटाच दिसणारा होकाराचा ठिपका कदाचित महाविद्यालयाच्या संघासाठी निवडलेल्या खेळाडूचा असेल, कदाचित ज्याचे आईवडील त्याच संस्थेत शिकले अशा विद्यार्थ्याचा असेल. वरच्या कोपऱ्यातील नकाराचा ठिपका निबंध घाईत लिहिलेल्या किंवा ज्या शाखेला अतोनात गर्दी असते तीच मागितलेल्या मुलाचा असू शकेल. ठिपक्याला ना निबंध असतो, ना शाखा. त्यातच २०२० च्या महासाथीनंतर शेकडो महाविद्यालयांनी परीक्षेचे गुण ऐच्छिक केले, त्यांतील एमआयटी, डार्टमथ, हार्वर्ड यांसारख्या काहींनी ते पुढे पुन्हा सक्तीचे केले, त्यामुळे आलेखाचा एक अक्षच काही वर्षांसाठी डळमळीत झाला. न्यू जर्सीतील किंवा कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबांना हा इशारा विशेष लागू पडतो. गुणवत्ता यादीच्या पद्धतीत स्वतः शिकलेल्या पालकाची नजर या ठिपक्यांमध्ये नकळत कट-ऑफची रेषा शोधू लागते, आणि जी रेषा महाविद्यालयाने कधी आखलेलीच नाही तिच्या आधारे मुलाचे स्वप्न आखडले जाते किंवा अवास्तव फुगवले जाते.

ही केवळ भीती नाही. क्रिस्टीन मलहर्न या अर्थशास्त्रज्ञ संशोधिकेने नेव्हिअन्सच्या आलेखांचा विद्यार्थ्यांच्या निवडीवर काय परिणाम होतो याचा अभ्यास केला आणि तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या महाविद्यालयाचा आलेख पाहायला मिळतो तेथे अर्ज करणाऱ्यांची संख्या वाढते, विशेषतः ज्यांना प्रवेश मिळण्याची शक्यता चांगली असते अशांची. स्वतःच्या राज्यातील महाविद्यालयांची माहिती दिसल्याने कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाच्या आणि गरीब घरांतील मुलांचे चार वर्षांच्या महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण वाढते, असे तिला आढळले. ज्या घरात महाविद्यालयाची पायरी आधी कोणी चढलेले नाही तेथे आपल्यासारखाच मुलगा आपल्याच शाळेतून गेला होता हे कळणे किती मोठे असते, हे महाराष्ट्रातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. पण त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही दाखवली, ती अशी की प्रवेश मिळालेल्यांच्या सरासरीपेक्षा आपण खाली आहोत हे दिसताच मुले निवडक महाविद्यालयांत अर्ज करणेच टाळू लागतात. सरासरी म्हटली की तिच्याखालीही प्रवेश मिळालेले बरेच जण असणारच, हे साधे गणित सतरा वर्षांच्या मुलाला कोणीतरी समोर बसून समजावून द्यावे लागते.

माहिती पुरवली म्हणजे काम झाले, हा समज या क्षेत्रात फार खोल रुजला आहे, म्हणून त्याची एक कसोटी येथे नोंदवणे आवश्यक आहे. कॅरोलिन हॉक्सबी आणि सारा टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी हुशार पण गरीब विद्यार्थ्यांना प्रत्येकी सुमारे ६ डॉलर खर्चाचे माहितीचे पाकीट टपालाने पाठवून पाहिले. छापील शुल्क कितीही असले तरी गरीब कुटुंबाला प्रत्यक्षात किती भरावे लागेल, अर्जाचे शुल्क माफ कसे होते, अशी नेमकी माहिती त्यात होती, आणि त्या प्रयोगात मुलांचे अर्ज अधिक चांगल्या महाविद्यालयांकडे वळल्याचे दिसले. देशभर त्याची वाहवा झाली. पुढे कॉलेज बोर्ड या संस्थेने तशीच मोहीम फार मोठ्या प्रमाणावर राबवली तेव्हा तो परिणाम जवळजवळ विरून गेला. याउलट मलहर्न यांनीच मॅसॅच्युसेट्स राज्यातील आकडेवारीवरून केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे निष्पन्न झाले की चांगला समुपदेशक लाभल्यास मुले शाळा पूर्ण करण्याचे आणि महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण लक्षणीय वाढते आणि गरीब घरांतील मुलांना त्याचा लाभ अधिक होतो. माहिती आणि माणूस यांपैकी एकावरच खर्च करता येणार असेल तर तो कशावर करावा, याचे उत्तर या दोन निष्कर्षांत पुरेसे स्पष्ट आहे.

पैशाची बाजू तपासली की आणखी एक गंभीर प्रश्न पुढे येतो. शाळा प्रणालीचे वार्षिक शुल्क भरते, पण काही प्रणालींचे दुसरे ग्राहक महाविद्यालये असतात. नेव्हिअन्सशी जोडलेल्या 'इंटरसेक्ट' या सेवेद्वारे महाविद्यालये पैसे मोजून विद्यार्थ्यांपुढे स्वतःची जाहिरात करीत. नेव्हिअन्स २००७ पासून हॉबसन्स या कंपनीकडे होती आणि २०२१ मध्ये या दोन्ही सेवा पॉवरस्कूल या कंपनीने विकत घेतल्या. 'द मार्कअप' या शोधपत्रकारिता संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये उघड केले की ही जाहिरात कोणाला दिसावी हे ठरवताना गुण, भौगोलिक स्थान यांच्याबरोबर वंशाचाही निकष वापरता येत होता आणि काही विद्यापीठांनी गोऱ्या विद्यार्थ्यांनाच उद्देशून संदेश लावले होते. शाळेने अनिवार्य केलेल्या आणि मुलाने विश्वासाने भरलेल्या प्रश्नावलीचा असा वापर होणे हा मार्गदर्शनाच्या मूळ कल्पनेशीच द्रोह आहे. शिफारस आणि जाहिरात एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दिसू लागल्या की त्यांतील भेद मोठ्यांनाही ओळखता येत नाही, मग मुलांनी तो ओळखावा ही अपेक्षाच अन्याय्य ठरते.

मुलांची माहिती एका ठिकाणी साठली की ती चोरीला जाण्याचा धोकाही त्या ठिकाणी साठतो. २०२४ च्या डिसेंबरात याच पॉवरस्कूलच्या विद्यार्थी-नोंदणी प्रणालीत चोरट्यांनी शिरकाव केला आणि विद्यार्थी व शिक्षकांच्या वैयक्तिक नोंदी फार मोठ्या संख्येने पळवल्या. ही चोरी महाविद्यालय नियोजनाच्या प्रणालीतील नव्हती, पण शाळेतील हजेरी, गुण, आवडीनिवडी आणि भविष्याचे बेत हे सगळे एकाच कंपनीच्या छपराखाली आणण्याची प्रवृत्ती किती जोखमीची आहे हे तिने दाखवून दिले. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींना संरक्षण देणारा 'फर्पा' हा कायदा १९७४ चा, म्हणजे कागदी फायलींच्या काळातील आहे. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक केली आणि बालकांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली, ही तुलनेने भक्कम तरतूद म्हटली पाहिजे.

महाराष्ट्रालाही हा विषय नवा नाही. मुंबईत शासनाची व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था अनेक दशके काम करीत आली आहे आणि पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने अभिक्षमता चाचण्यांची मराठीतील परंपरा घडवली आहे. शासनाने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यभर कल मापन चाचणी घेण्यास सुरुवात केली आणि कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक व गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी विद्यार्थ्याचा ओढा कोठे आहे याचा अहवाल त्याला मिळू लागला. २०२० मध्ये युनिसेफच्या सहकार्याने नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी महाकरिअर पोर्टल आले, ज्यात 'सरल' क्रमांक वापरून प्रवेश करता येतो आणि व्यवसाय, महाविद्यालये, शिष्यवृत्त्या व प्रवेश परीक्षा यांची माहिती मिळते. पार्सन्सच्या पहिल्या दोन पायऱ्या अशा रीतीने मोफत आणि मराठी मुलांच्या आवाक्यात आल्या, याचे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे.

अमेरिकेतील आणि येथील क्रम मात्र उलटा आहे. तेथे समुपदेशक आधी होता, त्याच्यावरचा भार वाढला म्हणून प्रणाली आली, आणि वॉशिंग्टनसारख्या राज्यांत प्रत्येक विद्यार्थ्याने शाळेनंतरच्या वाटचालीचा आराखडा तयार करणे ही शालेय शिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळण्याची अट असल्यामुळे त्या प्रणालीवरील नोंदी कोणीतरी विद्यार्थ्यासोबत पुन्हा पुन्हा उघडतो, तपासतो, बदलतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत समुपदेशकाची खुर्चीच नाही. आधीच जनगणना, निवडणूक आणि नाना माहिती-तक्त्यांखाली दबलेल्या वर्गशिक्षकावर हे काम येऊन पडते, तेव्हा ललित कलेकडे कल असल्याचा अहवाल हाती आलेली मुलगी तो घडी करून वहीत ठेवते आणि गावापासून जवळ असलेल्या महाविद्यालयात जी शाखा असेल तीच घेते. तिच्या घरचे उत्पन्न, वसतिगृहाचा प्रश्न, एसटीची वेळ आणि आईवडिलांची काळजी यांचा त्या अहवालाशी मेळ घालणे हीच ती तिसरी पायरी, आणि तेथे बसून बोलणारे माणूस हवे.

खासगी शाळांत आता परदेशी धाटणीच्या प्रणाली मोठ्या शुल्कासह येऊ लागल्या आहेत आणि पालकांना त्यांची माहितीपत्रके आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. पालकसभेत अशा प्रणालीचा विषय निघेल तेव्हा मुलाने भरलेली उत्तरे कोणाकोणाला दिसतात, पडद्यावर सुचवल्या जाणाऱ्या महाविद्यालयांनी त्यासाठी पैसे मोजले आहेत काय आणि शाळा सोडल्यावर त्या नोंदी पुसल्या जातात काय, एवढे लेखी विचारून घ्यावे; आणि त्याहीआधी हे विचारावे की मुलाचा अहवाल त्याच्यासमोर उघडून बसणारी व्यक्ती कोण आहे व वर्षातून किती तास ती त्याला भेटणार आहे.